उजवा पाय

दिपिकाने कंबर फिरवली, गुडघा पोटाच्या उंचीला आणला आणि तिथून अचानक पाऊल वर नेलं. लाथ गोल फिरत दक्षताच्या डाव्या गालापाशी गेली, वीतभर अंतरावरून झपकन परत आली. दक्षताचे दोन्ही हात खाली, पोटाशी होते. पोटावर येणारी लाथ अडवायला ती थांबली होती. ती आलीच नाही, तेव्हा अर्धं पाऊल पुढे सरकून तिने दिपिकाच्या छातीवर ठोसा टेकवला आणि मागे झाली.

"यामे, थांबा," भिंतीपाशी बसल्या बसल्याच देवराम सर म्हणाले. "पाणी प्या दोघी."

नौपाड्यातल्या शाळेचा हा पहिल्या मजल्यावरचा हॉल संध्याकाळी सरांच्या कराटे क्लासकडे असे. लहान मुलांची बॅच नुकतीच सुटली होती. जिन्यावर अजून त्यांचा दंगा चालू होता. या गोल लाथेचं खरं नाव मवाशी गेरी. पोरं तिला सरळ मावशी म्हणत. पुढच्या पायाची मावशी, मागच्या पायाची मावशी, खालून दाखवून वर नेलेली मावशी. ही शेवटची दिपिकाइतकी स्वच्छ क्लासमध्ये कुणाचीच नव्हती. तिच्या उजव्या पायावर सरांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती, आणि तरीही दर वर्षी जिल्ह्याच्या निवडीत दक्षता पहिली येई, दिपिका दुसरी. राज्याला एका वजनी गटातून एकच मुलगी जाते. दुसरीला टाळ्या मिळतात.

दक्षताने बाटली तोंडाला लावली आणि मग विचारलं, "तू अर्धवट का सोडतेस गं?"

"काय?"

"लाथ. गुडघा उचललास, आता वर आणशील म्हणून मी वाट बघतेय. तू पाय खालीच टाकलास."

दिपिका हसली. थट्टाच असणार. पण दक्षता हसत नव्हती. ती कपाळावरचा घाम पुसत होती, आणि चूक दाखवून दिल्यावर तिचा चेहरा जसा साधा, मोकळा असे तसाच आत्ताही होता.

"मांडी जरा धरलीये," दिपिका म्हणाली.

पुढच्या फेरीत तिने आधी डावा पाय वापरला. पुढच्या पायाची मावशी, थेट डोक्याकडे. पाय जमिनीवरून सुटायच्या आत दक्षताचा उजवा हात कानापाशी पोचला होता. मग दिपिकाने उजव्या पायाने बरगडीवर टेकवली. दक्षताचा हात आला, पण उशिरा आला. दिपिका थोडी थांबली. मग तिने उजवा पाय पुन्हा खालून दाखवला आणि वर नेला. या वेळी नखं जवळजवळ केसांना लागली. दक्षता समोर बघत होती. तिचे हात खाली होते. पापणीसुद्धा लवली नाही.

कितीही निबर खेळाडू असला तरी गालाशी आलेल्या पायाला पापणी लवते. ती शिकवून थांबत नाही.

गेले कित्येक दिवस सर दक्षतावर खेकसत होते, तोंड सरळ ठेव, मान डावीकडे का वळवतेस. ते बोलणं रोज कानावर पडून दिपिकाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आता घरी जाताना कोलशेतच्या बसमध्ये बसल्यावर तिला ते एकेक करून आठवायला लागलं.

---

दोन दिवसांनी सकाळी ती कल्याणच्या फूलबाजारात गेली. दक्षताच्या वडिलांचा, मारुतीरावांचा, तिथे गाळा होता. माणूस जुन्नरकडचा, आवाज मोठा, आणि पोरगी कराटे खेळते याचा अभिमान त्याहून मोठा. गाळ्यात तिचे पदकं घातलेले फोटो लॅमिनेट करून लावलेले होते, आणि झेंडू घ्यायला आलेल्या माणसाला भावाच्या आधी ते फोटो बघावे लागत.

दक्षता वजनकाट्यापाशी उभी होती. दिपिका मुद्दाम तिच्या डाव्या अंगाने गेली आणि हाताच्या अंतरावर उभी राहिली. दक्षता ओंजळीने शेवंती काढत राहिली. तेवढ्यात त्याच बाजूने डोक्यावर पाटी घेतलेला हमाल आला. "बाजू, बाजू," तो ओरडत होता. दक्षता आवाजाला मागे सरली, पण उलट्या दिशेने, त्याच्याच वाटेत, आणि पाटीचा काठ तिच्या खांद्याला घासून गेला.

"अगं, बघत जा की जरा!" आतून मारुतीराव ओरडले. मग त्यांना दिपिका दिसली. "अरे वा, दिपिकाबाई! या या. रविवारच्या निवडीची तयारी काय म्हणते?"

दक्षताने मान पूर्ण वळवून दिपिकाकडे बघितलं. ती किती वेळ तिथे उभी आहे, हे तिला कळलं असावं. ती ओले हात कपड्याला पुसत गाळ्याच्या मागच्या बाजूला गेली. दिपिका मागोमाग गेली. तिथे रिकाम्या करंड्यांची चळत होती आणि नासलेल्या फुलांचा आंबूस वास.

"कोणाला सांगितलंस?" दक्षताने आधी हेच विचारलं.

"कोणाला नाही. कधीपासून आहे?"

"गणपतीनंतर." तिने करंडीची एक सुटलेली कामटी उगाच आत खोचली. "आधी काळे ठिपके दिसायचे. मग एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं. मी एकटीच दाखवून आले, तिथे नौपाड्यातच. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय, उशीर केलात."

"आणि उजवा?"

"उजवा चांगलाय."

"दक्षता."

"एका जागी पातळ झालाय म्हणाले. लेझर करायचंय. करणारे मी. रविवार झाला की सोमवारी जाते."

"आणि रविवारी डोक्यात बसली तर?"

"आपल्यात टेकवतात, कोणी मारत नाही."

"मग मागच्या वर्षी त्या भिवंडीच्या मुलीचं नाक टेकवूनच फुटलं का?"

पलीकडे कुणीतरी गुलाबाच्या जुड्यांचा भाव पुकारत होतं. दक्षता बोलायला लागली तेव्हा खालच्या आवाजात आणि भरभर बोलली, पुष्कळदा मनात म्हणून झालेलं असावं तसं. मागच्या सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागेवर तिचं नाव लागलं होतं. पडताळणीत सगळी सर्टिफिकेटं बाद झाली. ज्या संघटनेची होती तिला म्हणे मान्यताच नव्हती. वडिलांना, अण्णांना, तिने सांगितलं होतं की जागा रद्द झाली. यंदाची स्पर्धा मान्यता असलेल्या संघटनेची होती. राज्याचं एक सर्टिफिकेट मिळालं की या भरतीत अर्ज करता येत होता. पुढच्या भरतीत तिचं वय बसत नव्हतं.

"लिपिकाची जागा आहे," ती म्हणाली. "टेबलावरचं काम. एका डोळ्याने होतं."

"आणि दोन्ही गेले तर?"

"तू समजतेस तेवढं काही नाही झालेलं. मला त्या बाजूने सावली दिसते. हालचाल कळते."

"परवाची कळली?"

"परवा कुठे आणलीस तू वर?"

"आणलेली," दिपिका म्हणाली. "दोन वेळा आणली. तुझ्या गालापर्यंत."

दक्षता तिच्याकडे बघत राहिली. तिचा डावा डोळा बाहेरून उजव्यासारखाच होता, तितकाच काळा, तितकाच ओला. मग तिच्या ओठांची कड जराशी वाकडी झाली.

"खोटं बोलतेस. मी घाबरून नाव काढावं म्हणून. तुला जायचंय यंदा."

दिपिकाला जायचं तर होतंच. खोटं फक्त बाकीचं होतं, आणि ते वेगळं काढून दाखवता येत नव्हतं. तिने जायला पाठ फिरवली, तेव्हा दक्षताने मागून तिचं मनगट धरलं. हात गार होता, फुलांच्या पाण्याने बुळबुळीत.

"सॉरी. दिपिका, थांब ना. मी काहीपण बोलले. सांगू नको कोणाला. रविवारपर्यंत फक्त. तुझ्या पाया पडते." आणि ती खरोखरच वाकली. दिपिकाने तिला दंडाला धरून वर ओढलं.

"नाही सांगत," ती म्हणाली. "सोड. नाही सांगत."

---

पण तो शब्द तिला स्वस्थ बसू देईना. सांगितलं तर दक्षता बाद होणार आणि राज्याला दिपिका जाणार. न सांगता रविवारी उजव्या पायाने खेळली तरी दिपिकाच जाणार, कारण दक्षताला न दिसणाऱ्या बाजूला तिचा सगळ्यात चांगला पाय होता. कसंही वळलं तरी वाट तिच्याच फायद्याकडे जात होती. आणि गप्प राहून ती लाथ मारायचीच नाही असं ठरवलं, तर दक्षता जिंकून राज्याला जाणार. तिथल्या मुलींना ना तिचा डोळा माहीत, ना ती.

शुक्रवारी क्लास सुटल्यावर ती सरांपाशी गेली. सर मॅटचे तुकडे एकावर एक रचत होते. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, गुडघे कामातून गेलेले, तरी मॅट दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत.

"सर, दक्षताचं जरा—"

"दक्षताचं मला नको सांगूस," सर म्हणाले. "दोघी माझ्याच. हिचं तिला आणि तिचं हिला करायला लागलो तर मी मास्तर कसला? तू तुझं सांग."

"माझं काही नाही."

"मग मीच सांगतो. तुझा उजवा पाय कुठे गेला? दोन दिवस बघतोय, डाव्या पायावर खेळतेयस. समोर फट दिसत असली तर घ्यायची. ती फट बुजवायचं काम तिचं. तिलाही मी तेच सांगतोय, डावा हात वर ठेव." त्यांनी शेवटचा तुकडा चळतीवर टाकला. "दया दाखवायची असेल तर मॅटच्या बाहेर."

म्हणजे त्यांनी फट बघितली होती. ती कशाने पडली, हे तेवढं त्यांना दिसलं नव्हतं. दिपिका वाकून नमस्कार करून निघाली. जिन्यात दोन पायऱ्या उतरल्यावर ती परत वर जायला वळली, कठड्याला धरून उभी राहिली आणि मग खाली उतरली.

घरी आईने, मनुबाईंनी, ताट वाढलं होतं. त्यांनी सकाळचा मासळीबाजार करून, उरलेली कोलंबी घरच्यासाठी ठेवून, तिचं सुकं केलं होतं. दिपिकाला आवडतं म्हणून खोबरं जास्त घातलेलं.

"जेवाचा नाय का गो तुना?" मनुबाई म्हणाल्या. "मघापासून ताटाकरं बगत बसलीस."

"जेवते."

"घाबरलीस काय?"

"नाही गं."

"मंग?" आई म्हणाली. तिने लेकीचा उजवा पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि खोबरेल लावून नडगी चोळायला बसली. स्पर्धेच्या आधी ती नेहमीच असं करी. दिपिकाने पाय मागे ओढला. आईचा तेलाचा हात तसाच हवेत राहिला.

"राहू दे आज," दिपिका म्हणाली आणि ताट पुढे ओढलं.

---

निवड डोंबिवलीतल्या एका शाळेच्या बंदिस्त हॉलमध्ये होती. पत्र्याखाली गरम होत होतं. पंख्यांचा आवाजच वाऱ्यापेक्षा जास्त होता. एका कडेला पंचांचं टेबल, त्याच्या टोकाला बर्फाचा डबा घेऊन बसलेल्या डॉक्टर. दुपारपर्यंत दोघी आपापले सामने जिंकून अंतिम फेरीत आल्या. दक्षता आज सुरेख खेळत होती. समोरची मुलगी पाय उचलायच्या आतच ती आत शिरून ठोसा मारत होती, लाथेला जागाच ठेवत नव्हती. बघणाऱ्याला ती आक्रमक वाटत असेल. दिपिकाला मात्र ते धावणं कसं दिसत होतं, हे तिला कुणाला सांगता येत नव्हतं. अंधाऱ्या जिन्यात माणूस लवकर लवकर उतरतो तसं.

अंतिम सामन्यात दोन्ही मुली आपल्याच, म्हणून देवराम सर कुणाच्याच बाजूच्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसले नाहीत. ते समोरच्या बाकांवर, क्लासच्या पोरांमध्ये जाऊन बसले. मारुतीराव मॅटच्या अगदी कडेला, मोबाईल दोन्ही हातांत धरून उभे होते.

"हाजिमे!" पंचांनी सामना सुरू केला.

पहिला गुण दक्षताने घेतला. ठोसा, एक गुण. दिपिकाने डाव्या पायाने बरगडीवर टेकवली, दोन गुण. मग दक्षताचे आणखी दोन ठोसे लागले. दिपिका डाव्या पायावरच खेळत होती. तो पाय जड होता, उशिरा उठत होता, आणि दक्षताला तो पूर्ण दिसत होता. पोरांना ते सहन होईना.

"दिपिकाताई, मावशी!" एकाने हाक दिली, आणि मग सगळा बाक ओरडायला लागला. "मावशी! मावशी!"

हॉलमधले लोक हसले. दिपिकाच्या दातांत गमशील्ड होतं, तोंडात रबराची चव होती. फळ्यावर तीन-दोन होते. एका लाथेचं काम होतं. डोक्याला नीट पोचलेल्या लाथेला तीन गुण मिळतात. फक्त ती लाथ स्पर्शाच्या आसपास थांबली पाहिजे आणि लगेच परत आली पाहिजे. पाय तिथेच राहिला तर गुण देत नाहीत.

शेवटची काही सेकंदं राहिल्याची घंटी वाजली. दक्षता पुन्हा आत यायला निघाली, आणि दिपिकाचा उजवा पाय उठला.

तिने तो उठवला नव्हता, असं ती पुढे स्वतःला सांगायची. इतकी वर्षं दिवसाकाठी शेकडो वेळा उठलेला पाय, तो विचारायला थांबत नाही. कंबर फिरली, गुडघा पोटाशी आला, दक्षताचे हात खाली गेले आणि पाऊल वर सुटलं. सगळी लाथ जन्मात कधी नव्हे इतकी हलकी झाली होती. दक्षता स्वतःच पुढे येत होती, डोळा त्या पायाच्या रेषेत आणत होती. दिपिकाने पोटातला सगळा श्वास आवळला. पाऊल दक्षताच्या डाव्या डोळ्याशेजारी, गालाच्या हाडापासून दोन बोटांवर थांबलं.

आता ते परत घ्यायचं होतं. दोन झेंडे वर गेले असते, काम झालं असतं.

तिने ते परत घेतलं नाही. पाय तसाच हवेत ताठ धरून ती डाव्या पायावर उभी राहिली. मांडी थरथरत होती. ती दक्षताकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून पलीकडे, समोरच्या बाकांवर बसलेल्या सरांकडे बघत होती.

दक्षता थबकली होती. पोटावर येणारी लाथ आली नाही, एवढंच तिला कळलं होतं. तिने समोर बघितलं, दिपिका बचाव सोडून उभी आहे हे बघितलं, आणि त्या पायाच्या शेजारून, त्याला न चुकवता, सरळ आत येऊन ठोसा मारला. दिपिका एका पायावरून पाठीवर आपटली. चार झेंडे एकदम वर गेले. घंटा वाजली.

हॉलभर हसू पसरलं. "पाय अडकला बाईचा!" कुणीतरी मागून म्हणालं. पोरांचा बाक गप्प झाला होता. फक्त देवराम सर उभे राहिले होते, आणि उभेच होते.

---

नमस्कार झाला, हात मिळवून झाले. दक्षताने दिपिकाला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "थँक्यू. मला माहितेय तू उजवा वापरला नाहीस." दक्षताचं अंग तापलं होतं आणि ती हसत होती.

मारुतीराव मॅटवर बूट घालून यायला निघाले, पंचांनी हटकलं, तेव्हा बूट हातात घेऊन आले. "वाघीण आहे वाघीण! बघ, सगळं घेतलंय मी. शेवटचं बघ." त्यांनी मोबाईल लेकीपुढे धरला. "ही बघ, लाथ घेऊन आली तुझ्या तोंडावर. पाय इथे, डोळ्याशी! आणि तू? तू हललीस का? डोळ्याची पापणी नाही लवली! याला म्हणतात हिंमत. आमच्या घराण्यात कुणाला नाही."

दक्षता हसत हसत बघत होती. मग तिचं हसू थांबलं, पण ओठ तसेच राहिले.

"परत लावा, अण्णा."

"हां, बघ. इथून."

तिने मोबाईल त्यांच्या हातातून घेतला आणि उजव्या डोळ्याजवळ नेला. पडद्यावर एक मुलगी एका पायावर उभी होती. तिचं दुसरं पाऊल दुसऱ्या मुलीच्या गालाशी होतं, तिथून हलत नव्हतं, आणि ती दुसरी मुलगी समोर बघत होती. शांतपणे, काही शोधत असल्यासारखी. दक्षताने अंगठा ठेवून चित्र थांबवलं. मग डावा हात उचलून ती स्वतःच्या गालापाशी घेऊन गेली, तेवढ्याच अंतरावर, आणि बोटं हलवली. पुन्हा हलवली.

"काय झालं गं?" मारुतीराव म्हणाले.

देवराम सर येऊन पोचले होते. त्यांनी मारुतीरावांकडे बघितलं, मग दिपिकाकडे, आणि त्या बघण्यातच त्यांना जे विचारायचं होतं ते विचारून झालं. दिपिकाने मान खाली घातली. सरांनी दक्षताच्या डाव्या बाजूने हात वर आणायला सुरुवात केली.

"नको सर," त्यांचा खांदा हललेला बघून दक्षता म्हणाली. तिने मोबाईल वडिलांच्या हातात दिला. "जाते मी."

ती पंचांच्या टेबलाकडे निघाली. वाटेत डावीकडच्या खुर्चीला तिची मांडी आपटली, खुर्ची घसरली, ती थांबली नाही. सर तिच्या मागून गेले.

दिपिका भिंतीशी जाऊन बसली. नडगीचे गार्ड सोडले, हातमोजे काढले. टेबलाभोवती माणसं जमली होती. त्यातून डॉक्टरांची पांढरी बाही आणि सरांचं टक्कल तेवढं दिसत होतं. कोण काय बोलतंय ते पंख्यांच्या आवाजात कळत नव्हतं. दक्षता नाव मागे घ्यायची सही करून मोकळी होत असेल, किंवा नसेल. आत्ता या क्षणी आपल्याला यातलं काय हवं आहे, असं कुणी विचारलं असतं तर दिपिकाला सांगता आलं नसतं. तिने उजवी मांडी दोन्ही हातांनी दाबून धरली, मग कमरेच्या पट्ट्याची गाठ सोडायला घेतली.

"पट्टा सोडू नको."

दक्षता समोर उभी होती. चेहरा धुतलेला, केस कपाळाला चिकटलेले.

"टेबलावर बोलावतायत तुला," ती म्हणाली. "नाव बदलायचंय. तुझी सही हवी."

दिपिका उठली नाही. "मी नाही जाणार."

"मग ती बदलापूरची तिसरी जाईल. तिला लाथ तरी येते का?"

"दक्षता, मी मुद्दाम—"

"माहितेय मला." ती खाली बसली, भिंतीला टेकली, पाय पसरले. बराच वेळ ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. "त्या डॉक्टर म्हणतायत, आजच्या आज दाखव. उद्यापर्यंत थांबू नको." मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "मला वाटत होतं, सावली दिसते."

दिपिकाने हात पुढे केला. दक्षताने तो घेतला नाही, झिडकारलाही नाही.

"तू सही करून ये," ती म्हणाली. "मग अण्णांना सांगू. मला एकटीला नाही जमणार."

हॉलच्या पलीकडच्या टोकाला मारुतीराव बूट अजून हातातच धरून उभे होते. भोवती चारपाच अनोळखी माणसं गोळा झाली होती. मारुतीरावांनी मोबाईल उंच धरला होता, बोटाने काहीतरी दाखवत होते आणि मोठ्याने हसत होते. त्यातल्या एकाला नीट दिसलं नसावं. त्याच्यासाठी ते पुन्हा सुरुवातीपासून लावत होते.